अळ्या आणि इतर किरकोळ माल

२ मार्च, सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहिणार. काम हाती घेतलं की कागद हवा. तेहेतीस वर्षं स्पेअर पार्टच्या भांडारात पडताळणी अधिकारी म्हणून काढली, मला हे कुणी शिकवायला नको. निवृत्त होऊन अकरा महिने झाले. या काळात घरातल्या वस्तूंची संपूर्ण मोजणी दोनदा झाली. (चमचे एकोणतीस. हिच्या मते तीस. हिचं चुकतंय.)

काम असं: चिमण्या.

गेल्या वर्षी मागच्या दारावर, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात चिमण्यांनी घरटं केलं. चार पिल्लं झाली. मी रोज ताटलीभर दाणे ठेवत होतो, वर पावाचा चुरा. ताटली एक दिवस रिकामी पडू दिली नाही. तरी चारही मेली. हिने ती हलक्या हाताने काढली, कागदात गुंडाळली आणि लिंबाखाली पुरली. त्या दिवशी ही जेवली नाही. मी दाणे पुन्हा तपासले. क्वालिटी एक नंबर होती.

काल दवाखान्यात नंबर लागेपर्यंत एक जुनं मासिक चाळलं. त्यात उलगडा झाला. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले आठ-दहा दिवस अळ्या, किडे असा मऊ माल लागतो. म्हणजे मी तान्ह्या बाळांपुढे चणे मांडत होतो.

चूक माझी नाही. मागणीपत्रच चुकीचं होतं.

या वर्षी बागेत किडे वाढवायचे आणि पिल्लं जगवायची. हिला सांगितलं. ही म्हणाली, बघा. हिचं 'बघा' म्हणजे होकार.

३ मार्च

माल किती आहे हे कळल्याशिवाय तो वाढवणार कसा? आधी मोजणी. मागची बाग सोळा पावलं लांब, सहा रुंद. लिंबाचं एक झाड, जास्वंदी दोन, कडेने गवत, बाकी हिच्या कुंड्या. सकाळी आठला वही, भिंग आणि टोपी घेऊन बसलो.

८.०५ मुंगी, १ नग. ८.०६ मुंगी, १ नग. ८.०७ ला शंका आली की ही मघाचीच. पावणेनऊपर्यंत मुंग्या ५१ झाल्या, पण त्यातल्या खऱ्या किती, देव जाणे. एकच फुलपाखरू तीनदा लिहिलं गेलं. नाकतोडा तर मोजेपर्यंत थांबतच नाही. शिस्त म्हणून नाही.

भांडारात मोजणीच्या दिवशी आवक-जावक बंद असायची. हलता माल मोजता येत नाही. मोठमोठे साहेब आले, त्यांनाही मी दारात उभं केलंय.

५ मार्च

तोडगा सापडला. शेतीच्या औषधांच्या दुकानात पिवळे चिकट सापळे मिळतात. वहीच्या पानाएवढे पुठ्ठे असतात. किडे रंगाला भुलून येतात आणि चिकटून बसतात. माल स्थिर!

दुकानदाराने विचारलं, कुठला रोग पडलाय? मी म्हटलं, रोग नाही, किड्यांचं संवर्धन करतोय. त्याने सापळ्यांचा गठ्ठाच पुढे ओढला. मग म्हणाला, डझनाने घ्या, स्वस्त पडतील.

'सापळा' हा शब्द मला आवडला नाही. वहीत 'मोजणी-कार्ड' असं लिहिलं. आठ लावली.

निश्चय: आजपासून डासही मारणार नाही. तोही साखळीतला एक दुवा आहे.

६ मार्च

एक डास मारला. कानात शिरत होता. अपवादात्मक परिस्थिती.

८ मार्च

पहिली मोजणी. सकाळी नऊ ते दुपारी दोन, भिंगाखाली. एकूण ६४३ नग! आपल्या मागच्या दारी एवढी संपत्ती आहे हे कुणाला माहीत होतं? मन भरून आलं. कार्डं प्लास्टिकमध्ये घालून फाईलला लावली, नवी आठ टांगली.

हिने विचारलं, हे सगळे आता मेले ना? मी समजावून सांगितलं की नमुना म्हणून काढलेला माल पुन्हा रॅकवर जात नाही, ही जगभरची पद्धत आहे. ही कुंड्यांना पाणी घालायला गेली. पटलं असावं.

११ मार्च

किड्यांसाठी हॉटेल बांधलं. जुना ड्रॉवर, त्यात वेळूच्या नळ्या, वाळकी पानं, भोकं पाडलेले लाकडाचे ठोकळे. खोल्यांना नंबर दिले. १ ते १२ एकट्या राहणाऱ्या माश्या, १३ ते २० भुंगे, तळमजला गोगलगायी. दोन बोटं खिळ्याऐवजी ठोकली गेली.

बागेत झाडू बंद, अशी हिला सूचना दिली. पालापाचोळ्यात किडे वाढतात. ही म्हणाली, बागेत मीच झाडायचे, त्यामुळे बंद करायला माझी हरकत नाही. सहकार्य चांगलं आहे.

१४ मार्च

हॉटेलात पहिला मुक्काम! पाल. खोली क्र. १४. पाल किडे खाते, हे मान्य. पण कुठल्याही चांगल्या हॉटेलला वॉचमन लागतोच.

१५ मार्च

दुसरी मोजणी: ३९१.

पुन्हा मोजले. ३९१. एका आठवड्यात २५२ नगांची तूट. भांडारात अशी तूट निघाली असती तर मी दोघांना तरी घरी बसवलं असतं.

१६ मार्च

संशयित क्र. १: सोसायटीचा माळी. लपूनछपून औषध मारत असणार. ज्याने बाग राखायची त्यानेच? कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे? त्याला गाठून रोखठोक विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले. म्हणे, फवारणीचा पंप गेल्या वर्षीच मोडला, कमिटी नवा देत नाही. मग माझ्या कार्डांकडे बोट दाखवून म्हणाला, साहेब, हे लावल्यावर औषध लागतंच कशाला?

विषय बदलण्यात माणूस पटाईत आहे.

१९ मार्च

चिमण्या आल्या! जोडी. नर काडी घेऊन फॅनच्या भोकात जा-ये करतोय. हे हिने तीन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं म्हणे. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, सांगितलं, पण तुम्ही मोजत होतात, हाताने 'थांब' म्हणालात.

ही संध्याकाळभर मागच्या दारात बसून होती. चेहऱ्यावर ते गेल्या वर्षीचं सगळं दिसत होतं, तरी हसत होती. मला गलबलून आलं. मनात म्हटलं, या वेळी या बाईला कागदात काही गुंडाळायला लागणार नाही. शपथ.

२२ मार्च

तिसरी मोजणी: २०४.

संशयित क्र. २: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या गॅलरीत डास मारायचा निळा दिवा आहे. वर जाऊन सौजन्याने सांगितलं की तुमचा दिवा माझा माल खेचतोय. त्या म्हणाल्या, तुम्ही पालापाचोळा साठवल्यापासून डास वाढलेत, म्हणून दिवा लावला. शिवाय म्हणाल्या, रात्री दात खाता का? जबडा आवळलेला दिसतो.

खाली आलो. आकडा कमी येतोय त्याअर्थी कार्डंच अपुरी आहेत. आठाची सोळा केली. नमुना मोठा असला की आकडा खरा येतो.

२५ मार्च

रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गुडघाभर तण माजलंय. ना कुणी लावलेलं, ना कुणाच्या देखरेखीखाली. इकडे मी शास्त्रशुद्ध काम करतोय आणि समोर हा उकिरडा. पाहुण्यांसमोर शोभत नाही. पालिकेला पत्र टाकलं: तातडीने कापून घ्यावं. प्रती तिघांना.

२९ मार्च

चौथी मोजणी: ११७. कार्डं दुप्पट, माल निम्मा. ही सरळसरळ चोरी आहे. चोर आतला की बाहेरचा, एवढाच प्रश्न.

मेहुणा आला होता. (हिचा धाकटा भाऊ. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा सेक्रेटरी.) बाग बघून म्हणाला, भावजी, हे वाळत काय घातलंय? मग वही चाळली आणि ताईकडे बघून म्हणाला, नग मोजता मोजता हा माणूसच एक नग झालाय. दोघं बहीण-भाऊ बराच वेळ हसत होते. मोठ्या कामाची आधी टर उडतेच.

१ एप्रिल

मेहुण्याचा फोन. २९ तारखेला मंडळात गुडघेदुखीवर व्याख्यान होतं, पण ते डॉक्टर स्वतःच्या गुडघ्यामुळे येऊ शकत नाहीत. मी बोलेन का? आधी वाटलं एप्रिल फूल. दोनदा विचारून घेतलं. खरं आहे.

विषय ठरला: 'अळी – एक दुर्लक्षित संपत्ती'. समारोप आजच लिहून काढला. 'आणि म्हणून मित्रहो, आज माझ्या दारी तीन पिढ्या चिवचिवत आहेत.' पिढ्या होतील.

३ एप्रिल

अंडी तीन. हिने काठीला आरसा बांधून पाहिलं आणि लगेच बाजूला झाली. मला एकदाच पाहू दिलं. म्हणाली, रोज डोकावायचं नाही, मादी उठून जाते. मी म्हटलं, रोजची नोंद? म्हणाली, मी सांगेन तेच लिहा.

दुसऱ्याच्या शब्दावर आकडा लिहिण्याची उभ्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

५ एप्रिल

पाचवी मोजणी: ५८. सोळाची बत्तीस केली. दुकानदार आता मला बघून उठून उभा राहतो.

१० एप्रिल

फाईलला मुंग्या लागल्या. मुंग्या वेगळ्या मोजल्या, पण बेरजेत धरल्या नाहीत. प्रामाणिकपणा म्हणजे हेच.

१२ एप्रिल

१९. फक्त एकोणीस. त्यातले सहा तर चिलटाहून बारीक. मी दयाबुद्धीने पूर्ण नग धरले.

आज सगळा दिवस बेचैन. लिंबाची पानं उलटून पाहिली. एकही अळी नाही. जास्वंदीवर मावा कीडही नाही. अशी स्वच्छ, निरोगी बाग मी कधी पाहिली नव्हती. माळी येऊन कौतुक करून गेला. त्याला काय कळतंय?

१४ एप्रिल, सकाळी ६.५०

पिल्लं बाहेर आली! तीन. हिने मला झोपेतून उठवलं. आवाज एवढासा, कागद चुरगळल्यासारखा. दोघंही दारात चहा घेऊन उभे राहिलो. तेहेतीस वर्षांत एवढ्या सकाळी कुणी मला चांगली बातमी दिली नव्हती.

सायंकाळी: एक गोष्ट खटकली. चिमण्या माझ्या बागेतून एकदाही काही उचलत नाहीत. सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या प्लॉटमध्ये जातात आणि चोचीत अळी धरून येतात. मधे बसगाड्या आणि ट्रक धावतात. दर खेपेला ही श्वास रोखून धरते. घरचं सोडून बाहेरचं! मी इथे वीस खोल्यांचं हॉटेल बांधून बसलोय.

१६ एप्रिल

निदान झालं. साळुंक्या आणि बुलबुल! हे बाहेरचे पक्षी माझा माल उचलतात, म्हणून घरच्यांना उरत नाही. उपाय: आवक-जावक बंद. जुनी मच्छरदाणी लिंबावर आणि जास्वंदीवर घालून खाली विटा ठेवल्या. साठा वाढेपर्यंत चिमण्यांनीही थांबायचं. आठवडाभराचा प्रश्न आहे.

दुपारी झोपून उठलो तर मच्छरदाणी घडी होऊन कपाटात. वाऱ्याने पडली असेल. घडी कुणी घातली, हे मी विचारलं नाही.

१८ एप्रिल

सकाळी पायरीवर एक पिल्लू पडलेलं. अंगावर पिसं नव्हती, पोट आत गेलेलं. हिने उचललं. मी कागद आणून दिला. एवढंच करता आलं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझी शपथ मोडली आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती, म्हणून कुणी विचारणारही नाही.

आता दोन उरली.

(मासिकात लिहिलंय की काही पिल्लं मरतातच. नैसर्गिक घट. भांडारात आपणही दोन टक्के धरायचो. तीनातलं एक म्हणजे किती टक्के हे मी काढलं नाही.)

१९ एप्रिल

मोजणी: ७.

ही म्हणाली, आता तरी ती पिवळी काढा. मी म्हटलं, आताच काढली तर पुढचा आकडा कसा कळणार? व्याख्यानाला दहा दिवस राहिलेत. तक्त्यात शेवटचा रकाना रिकामा दिसला तर लोक काय म्हणतील?

ही उठून आत गेली. रेडिओ लावला, मोठ्याने.

२१ एप्रिल, सकाळी ८.२०

अक्षर वेडंवाकडं आलंय, तरी लिहितो.

नर चिमणा कार्डाला चिकटला. कार्डावर दोन माश्या वळवळत होत्या, त्या टिपायला गेला असणार. एक पंख आणि सगळी शेपूट. जेवढा फडफडत होता तेवढा जास्त अडकत होता. मी बघत उभा राहिलो. मला कळेना की धरायचं कुठे. ही आतून धावत आली. कात्रीने कार्ड कापलं, चिमणा फडक्यात धरला, डिंकावर पीठ भुरभुरलं, मग बोटाला तेल लावून एकेक पीस सोडवलं. चाळीस मिनिटं लागली. शेपटीची पिसं कार्डावरच राहिली. पंखाची काही.

त्या चाळीस मिनिटांत हिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. फक्त म्हणाली, दिवा धरा. मग म्हणाली, नीट धरा.

चिमणा बुटांच्या खोक्यात ठेवलाय. श्वास चालू आहे. मादी एकटी प्लॉटवर खेपा घालतेय.

दुपारी १२: हिने बत्तीसच्या बत्तीस कार्डं उतरवून बादलीत टाकली. मी विरोध केला नाही. कार्डांची उंची चुकली होती, हे मी मान्य करतो. पद्धत बरोबर होती. बादलीतून कार्डं काढून फाईलला लावली. चिमण्याची पिसं असलेलं सगळ्यात वर लावलं, का ते माहीत नाही.

२२ एप्रिल

आज कळलं. ही पहाटे 'फिरून येते' म्हणून जाते, पण फिरायला जात नाही. पिल्लं निघाल्यापासून रोज रस्ता ओलांडून त्या प्लॉटमध्ये जाते. काचेची बरणी घेऊन. तणातून हिरव्या अळ्या, कोवळे नाकतोडे वेचून आणते आणि पायरीवरच्या बशीत टाकते. मादी खाली येते, उचलते आणि वर जाते. मी आज खिडकीतून पाहिलं. हिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ही दोनदा थांबते, आणि ही बाई तिथे ओणवी होऊन पानं उलटतेय.

मी विचारलं, रोज किती आणतेस? म्हणाली, बशी भरेल एवढ्या. मी म्हटलं, म्हणजे किती? म्हणाली, ते विचारायला तुम्ही उंटावरून उतरा आणि या.

उद्या जाईन म्हणालो. पण व्याख्यान लिहायचं बाकी आहे.

२४ एप्रिल, सकाळी १०

पालिकेची माणसं आली. दोघं, गवत कापायचं यंत्र घेऊन, प्लॉटमध्ये. आयुष्यभर पालिकेला पत्रं लिहिली, एकाचीही दखल घेतली नाही. आज घेतली.

मी खिडकीत उभा होतो. ही चपलाही न घालता रस्ता ओलांडून गेली. यंत्र सुरू झालं होतं. ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. लांबून काही ऐकू येत नव्हतं, हातवारे दिसत होते. थोड्या वेळाने तिघंही आमच्या घरी आले. हिने त्यांना चहा दिला, पिल्लं दाखवली. त्यातला वयाने मोठा होता तो भोकाकडे बघून म्हणाला, ताई, पंधरा दिवसांनी येतो. तक्रार आलीय म्हणून यावं लागलं. कुणीतरी रिकामटेकड्याने पत्र लिहिलंय, तीन-तीन प्रती काढून.

ही माझ्याकडे बघत होती. मी बिस्किटं आणायला आत गेलो.

कबूल आहे, पत्र घाईत गेलं. पण भाषा चांगली होती.

२६ एप्रिल

चिमणा उडाला! खोक्यातून थेट कुंपणाच्या भिंतीवर. शेपूट नाही, त्यामुळे बसताना तोल जातो, पण उडाला. भिंतीवरून मला काहीतरी सुनावत होता. मी ऐकून घेतलं.

वर पिल्लं आता भोकाच्या तोंडाशी येऊन ओरडतात. अंगावर पिसं भरलीत. ही म्हणते, दोन-तीन दिवस.

व्याख्यान सात पानी झालं. तिसरं पान 'अडचणी'. चिमण्याचा प्रसंग गाळला. वेळेअभावी.

२९ एप्रिल, दुपारी ३

निघतोय. फाईल वर्तमानपत्रात गुंडाळली, नाहीतर शर्टाला चिकटते. ही येत नाही म्हणाली. पिल्लं आज जाणार असं तिला वाटतंय. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांबवून धर. ही म्हणाली, सांगून बघते.

सायंकाळी ७.१५

लिहून टाकतो.

तेरा जण होते. त्यातले चौघे गुडघ्यांसाठी आले होते, त्यांना बदल कळला नव्हता. सुरुवात झकास झाली. पिल्लाला दाणा नव्हे, अळी लागते, यावर दोघांनी माना डोलावल्या. मग मी फळ्यावर तक्ता काढला.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या म्हणे. त्यांनी विचारलं, एकूण किती किडे झाले? मला प्रश्न फार आवडला. दोन महिन्यांत पहिला माणूस, ज्याने बेरीज विचारली. मी आवाज लावून सांगितलं: एक हजार चारशे एकोणचाळीस नग.

त्यांनी विचारलं, मग ते सोडले कुठे?

मी म्हटलं, सोडले नाहीत, हे काय. आणि फाईल उघडून दाखवली.

बाई पुढे आल्या. चष्मा लावला. सगळ्यात वरचं कार्ड त्यांनी बराच वेळ पाहिलं, चिमण्याची पिसं होती ते. मग पानं उलटली. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणजे पिल्लांचं जेवण तुम्ही इथे लावून ठेवलंत होय.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेहुण्याने घाईघाईने चहा जाहीर केला आणि येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. एरवी हा माणूस मला चिमटा काढल्याशिवाय राहत नाही. आज त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मला उत्तर येत होतं. नमुना म्हणजे काय, पडताळणी म्हणजे काय, सगळं येत होतं. ते न देता मी फाईल मिटली. माळी, डॉक्टरीणबाई, साळुंक्या, सगळ्यांवर मी संशय घेतला. चोर सकाळी नऊ ते दोन भिंग घेऊन बागेतच बसलेला होता.

समारोप वाचला नाही.

घरी आलो. ही मागच्या दारात बसली होती. वर भोक रिकामं. व्याख्यान कसं झालं, तिने विचारलं. चांगलं झालं म्हणालो. मग तिने सांगितलं: पहिलं चार वाजता उडालं. दुसरं अर्धा तास काठावर बसून राहिलं, आत-बाहेर करत. खाली बापाने ओरडून ओरडून जीव काढला, तेव्हा गेलं. सांगताना ती हातांनी पंख करून दाखवत होती. गेल्या वर्षीपासून तिला इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं, आणि ते बघायला मी तिथे नव्हतो.

कुठल्या बाजूला गेली, मी विचारलं. तिने रस्त्यापलीकडे, तणाकडे बोट दाखवलं.

आपल्या बागेत परत येतील का, विचारलं.

ही म्हणाली, कशाला?

मी उभ्याउभ्या सगळी बाग नजरेखालून घातली, सोळा पावलं लांब आणि सहा रुंद. एकही कारण सापडलं नाही.